सममूल्य अपूर्णांक: वाटणी व मोजणी यांचा परामर्श

अंश व छेद यांना एकाच संख्येने गुणिले असता अपूर्णांकाचे मूल्य बदलत नाही, हा नियम माध्यमिक वर्गांच्या उंबरठ्यावरील विद्यार्थी बिनचूक म्हणून दाखवितो. परंतु ३/४ व ६/८ यांत न बदलणारे असे नेमके काय आहे, हे विचारले की तो पुन्हा नियमाकडेच बोट दाखवितो. नियम पाठ असणे व समता उमगणे या दोन भिन्न गोष्टी होत. त्यांतील अंतर पुढे गुणोत्तर शिकताना उघड होते. दोन्ही पदांत दोन-दोन मिळवून २:३ व ४:५ ही गुणोत्तरे समान मानण्याची चूक कॅथलीन हार्ट यांनी संपादित केलेल्या १९८१ च्या इंग्लंडमधील अभ्यासातही ठळकपणे दिसून आली आहे.

या प्रश्नाचा आपल्याकडील एक गंभीर विचार ट्रॉम्बे परिसरातील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हे केंद्र १९७४ साली स्थापन झाले. तेथील श्वेता नाईक व के. सुब्रमण्यम यांनी २००८ च्या निबंधात अपूर्णांकाचे वाटणी व मापन हे दोन अर्थ एकत्र गुंफण्याचा मार्ग मांडला. वाटणीच्या कल्पनेमागे डच अभ्यासक स्ट्रीफलँड यांचे कार्य आहे.

वाटणीचा गुण निर्विवाद आहे. तीन भाकरी चार मुलांत वाटा, अथवा सहा भाकरी आठ मुलांत; प्रत्येकाच्या वाट्याला येणारे तेवढेच. न बदलणारे ते काय, याचे उत्तर येथे डोळ्यांसमोर उभे राहते. शिवाय भाकरी व मुले यांचे गुणोत्तरही त्याच चित्रात सामावते.

तथापि या गुणातच एक धोका दडलेला आहे. एका पंक्तीत दोन मुलांत एक भाकरी आणि दुसरीत तीन मुलांत एक भाकरी असो. पंक्ती एकत्र केल्या की पाच मुलांत दोन भाकरी होतात. म्हणजे १/२ व १/३ मिळून २/५! विद्यार्थ्यांची ही सुपरिचित चूक येथे सबळ पुराव्यानिशी उभी राहते. चित्र खोटे नाही. दोन गट असेच एकत्र होतात. परंतु संख्यांची बेरीज ती नव्हे, कारण येथे बेरीज १/२ हूनही लहान भरते. एकाच पट्टीवर अर्धा व तिसरा भाग एकापुढे एक मांडून मोजले म्हणजे ५/६ येतात; आणि त्यासाठी दोहोंचे सहावे भाग करावे लागतात. सममूल्य अपूर्णांकांची खरी गरज येथेच पटते. म्हणून मापन हे वाटणीनंतर जोडावयाचे परिशिष्ट नसून आरंभापासून तिची कसोटी ठरले पाहिजे, असे आमचे मत आहे.

या कामी मराठीचेही साहाय्य घ्यावे. ‘तीन छेद चार’ म्हणताना कानी दोन संख्या पडतात. ‘पाऊण’ म्हणताना एकच. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करणाऱ्या पिढ्यांना अपूर्णांक ही एक संख्या म्हणूनच परिचित होती. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, तेव्हा चार आणे व पंचवीस पैसे दोन्ही ‘पाव’ म्हणून ओळखले गेले. ४/१६ वरून २५/१०० वर नेणारा कोणताही पूर्णांक गुणक नाही. पाठ्यपुस्तकातील नियम येथे सरळ लागू पडत नाही, पाव मात्र पावच राहतो. अर्थात पाच सप्तमांशाला असे घरगुती नाव नाही. त्यामुळे जुन्या पाढ्यांकडे परतणे हा उपाय नव्हे. मात्र प्रत्येक अपूर्णांक ‘पाऊण’इतकाच एकसंध वाटू लागणे, हे अध्यापनाचे ध्येय असावे.

परीक्षेत रिकामी चौकट भरून घेणे सोपे असते. ‘दोन्ही समान का?’ हा प्रश्न विचारून उत्तर ऐकण्यास थांबणे कठीण. परंतु आकलनाची परीक्षा तीच होय.