खासबाग आणि पॅलेस थिएटर

मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिणारे आमचे बहुतेक लेखक नाटककार व नट यांच्या चरित्रांतच गुंतून पडतात. ज्या घरांत तीं नाटकें झालीं त्या घरांविषयीं त्यांच्याजवळ चार ओळींहून अधिक कांहीं नसतें. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं कोल्हापूरचें केशवराव भोसले नाट्यगृह जळालें, तेव्हां कोठें एका घराविषयीं पुष्कळ बोललें गेलें. दुसऱ्याच दिवशीं केशवरावांची जयंती असावी, या योगायोगानें शोक अधिकच तीव्र झाला. परंतु त्या शोकांतहि, जें जळालें तें नेमकें काय होतें, हा प्रश्न बाजूलाच राहिला असें आम्हांस वाटतें.

छत्रपति शाहू महाराज १९०२ सालीं सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकानिमित्त विलायतेस गेले. त्या प्रवासांत रोमचें कोलोसियम त्यांनीं पाहिलें आणि तेथूनच खासबागेच्या मैदानाची कल्पना त्यांना स्फुरली असें सांगतात. रोमन लोकांनीं त्या प्रेक्षागारांत जें पाहिलें तें घेण्याजोगें खास नव्हतें. महाराजांनीं घेतली ती केवळ पाहण्याची रीत. मधोमध तांबड्या मातीचा हौदा, आणि त्याभोंवतीं वर चढत गेलेली बैठक. यामुळें अगदीं मागल्या माणसालाहि मल्लाची पकड दिसावी. हें मैदान १९१२ सालीं पुरें झालें व इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती तेथें गाजली. इमामबक्ष हा गामाचा भाऊ. करवीरच्या मातीचा लौकिक पंजाबपर्यंत पोंचला होता हें यावरून दिसेल. पुढल्याच वर्षीं मैदानाच्या पाठीला पाठ लावून पॅलेस थिएटरचा पाया घातला गेला आणि १९१५ सालीं तें उघडलें. यालाच पुढें केशवरावांचें नांव मिळालें.

‘पाठीला पाठ’ हे शब्द आम्ही मुद्दाम वापरले आहेत. नाट्यगृहाच्या रंगमंचामागें जी बाजू, तीच खासबागेचें व्यासपीठ. एकीकडे छपराखालीं, खांबांचा अडथळा नसलेल्या दालनांत तिकीट काढून बसलेला रसिक. दुसरीकडे उघड्या आकाशाखालीं खेड्यापाड्यांतून आलेला शेतकरी. ललितकलादर्श मंडळीनें महाराजांच्या सूचनेवरून ‘मृच्छकटिका’चा प्रयोग याच मैदानांत, सामान्य जनांसाठीं केल्याचें सांगतात. ध्वनिवर्धक नाहीं, छप्पर नाहीं, आणि समोर कुस्तीला जमावा तसा समुदाय! केशवरावांच्या गळ्याची तारीफ बहुतेक टीकाकार ८ जुलै १९२१ च्या संयुक्त ‘मानापमाना’वरून करतात. बालगंधर्वांसारखा गायक समोर असतां तो गळा उजळून निघाला, हें खरेंच. पण तेथें ऐकणारे कान तयार होते. नाट्यसंगीताची पेठ ज्यांना ठाऊक नाहीं अशा हजारोंना धरून ठेवणें ही कसोटी निराळी आहे, आणि ती अशा मैदानावांचून लागूंच शकत नाहीं. दुर्दैव असें कीं, केशवराव ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं वारले आणि महाराज ६ मे १९२२ रोजीं. ज्यांनीं ही जोडवास्तु एका अर्थानें जिवंत केली त्या दोघांनाहि ती सात वर्षेंसुद्धां पुरती लाभली नाहीं.

आम्ही राहतों त्या डहाणूकडे वारली मंडळी तारप्याच्या सुरावर फेर धरतात, तेव्हां पाहणारा केव्हां फेरांत शिरला हें त्याचें त्यालाहि कळत नाहीं. तेथें कोणी कोठें बसावें हा प्रश्नच उद्भवत नाहीं. शहरांत मात्र पाहणाऱ्याला जागा बांधून द्यावी लागते, आणि जागा बांधली कीं कोण आंत व कोण बाहेर हेंहि त्याच घटकेस ठरतें. महाराजांनीं हा भेद मिटविला असें म्हणणें म्हणजे भाबडेपणा होईल. तिकिटें होतीं, राजवाड्याचा मान होता, आणि मधली भिंत ही अखेर भिंतच होती. पण नाटक व कुस्ती या दोहोंचा आश्रयदाता एकच, आणि दोहोंची पाठ एकच, एवढी ओळख त्यांनीं दगडांत करून ठेवली. त्यानंतर मराठी मुलखांत नाट्यगृहें पुष्कळ झालीं व क्रीडागारेंहि पुष्कळ झालीं. परंतु तीं एकमेकांना ओळखत नाहींत. पुण्याचें बालगंधर्व रंगमंदिर १९६८ सालीं उघडलें. तें देखणें आहे, सोयीचें आहे, पण त्याच्या पाठीशीं कोणी मल्ल शड्डू ठोकीत नाहीं.

आगींत छप्पर, रंगमंच व लांकूडकाम गेलें. बाहेरच्या दगडी भिंती बऱ्याच अंशीं उभ्या राहिल्या. शासनानें नाट्यगृह पूर्वी होतें तसेंच पुन्हा उभारण्याचें जाहीर केलें, तें उचितच झालें. मात्र ‘तसेंच’ या शब्दाचा अर्थ खुर्च्या, कमानी आणि दर्शनी भागाची नक्षी एवढाच होऊं नये. त्या गोष्टी छायाचित्रें पाहून कोणीहि कुशल कारागीर करूं शकेल. नवी वास्तु पाहण्याचा योग येईल तेव्हां आम्ही दर्शनी दाराकडे न जातां आधीं मागें, हौद्याच्या बाजूला जाऊं, आणि तेथें नाटक करण्याजोगें व्यासपीठ आहे कीं कोरी भिंत, एवढें प्रथम पाहूं.