प्रतिमा आणि निदान : त्रिक-श्रोणि सांध्याचा जीवाणुजन्य दाह

त्रिकास्थी आणि श्रोणिफलक यांना जोडणारा सांधा हा परीक्षणाच्या दृष्टीने शरीरातील अत्यंत दुर्गम सांध्यांपैकी एक होय. गुडघा सुजला तर तो डोळ्यांना दिसतो व हाताला लागतो. हा सांधा मात्र बंधने व स्नायू यांच्या आड दडलेला असतो. त्यात पू झाला तरी रुग्ण कधी नितंबात, कधी कमरेत, तर कधी ओटीपोटात वेदना सांगतो. आणि मणक्याचा, खुब्याचा वा आंत्रपुच्छाचा विकार समजून चिकित्सक भलत्याच वाटेला लागतो. अशा स्थितीत निदानाची भिस्त प्रतिमेवर पडावी, हे स्वाभाविक आहे. ती कोठवर पडावी, एवढाच विवाद्य प्रश्न आहे.

साध्या क्ष-किरण चित्राची मर्यादा सर्वमान्य आहे. सांध्याच्या कडा झिजणे, फट रुंदावणे इत्यादी बदल त्यात उमटण्यास बहुधा दोन ते तीन आठवडे लागतात. तोवर चित्र निर्दोष दिसते आणि ते निर्दोषत्वच फसवे ठरते. टेक्नेशियम वापरून केलेले अस्थिचित्रण विकृती लवकर दाखविते, परंतु तिचे स्वरूप सांगत नाही. सी. टी. चित्रणात हाडाची झीज व मृतास्थीचे तुकडे स्पष्ट दिसतात. मज्जेतील आरंभीचा शोफ मात्र त्याच्या आटोक्यात सहसा येत नाही. ही उणीव एम. आर. आय. ने भरून काढली, आणि म्हणूनच या रोगात त्याला अग्रस्थान मिळाले.

परंतु येथेच एक तार्किक प्रमाद शिरला आहे. २००९ साली 'ॲसास' या आंतरराष्ट्रीय अभ्यासमंडळाने कण्याच्या संधिवाताच्या वर्गीकरणासाठी निकष सिद्ध केले. सांध्यालगतच्या मज्जाशोफाला त्यांत महत्त्वाचे स्थान होते. हे निकष संशोधनासाठी रुग्णांचे गट पाडण्याकरिता होते. व्यवहारात मात्र ते निदानाची कसोटी म्हणून वापरले जाऊ लागले. वस्तुतः मज्जाशोफ हे ऊतीच्या क्षोभाचे चिन्ह आहे, त्याच्या कारणाचे नव्हे. प्रसूतीनंतर स्त्रियांत आणि निरोगी धावपटूंतही तो आढळतो. २०१६ साली त्याच मंडळाने केवळ शोफाच्या अस्तित्वावर न विसंबता समग्र चित्राच्या संदर्भावर भर दिला. मूळ मांडणीला दुरुस्तीची गरज होती, याचीच ही कबुली म्हणावी लागेल.

जीवाणुजन्य दाह वेगळा ओळखण्यास प्रतिमा साहाय्य करते, यात शंका नाही. एकाच बाजूचा सांधा बाधित असणे, सांध्यात द्रव साठणे, शोफ अस्थीची सीमा ओलांडून श्रोणि-स्नायूंत पसरणे आणि सांध्यापुढे विद्रधी होणे, ही त्याची लक्षणे होत. सांध्याचे पुढील आवरण पातळ असल्याने पू लगतच्या इलियोसोआस स्नायूकडे वाट काढतो, हे शरीररचनेशी सुसंगतच आहे. तथापि या लक्षणांचे मोल सांगणारे पुष्कळसे अभ्यास पूर्वलक्षी व अल्पसंख्य रुग्णांवरील आहेत. जेथे अंतिम निदान ठरविताना प्रतिमेचाच आधार घेतला जातो, तेथे प्रतिमा स्वतःचीच साक्षीदार होते.

या चर्चेचे महत्त्व केवळ पद्धतिशास्त्रीय नाही. या सांध्याच्या पूयजन्य दाहात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा सर्वाधिक आढळणारा जीवाणू आहे. परंतु भारतात क्षय व ब्रुसेला यांचाही विचार अपरिहार्य ठरतो. क्षयात ज्वर मंद असू शकतो आणि वेदना महिनोन्महिने रेंगाळते. चित्र संधिवाताशी सहज मिळतेजुळते दिसते. अशा रुग्णाला संधिवाताचा समजून टी. एन. एफ. विरोधी औषध दिले, तर सुप्त वा सक्रिय क्षय उफाळून शरीरभर पसरण्याचा धोका असतो. प्रतिमेच्या वाचनातील चूक येथे रुग्णाच्या जिवावर बेतते.

म्हणून क्रम स्पष्ट असावा. प्रतिमेने विकृतीचे स्थान दाखवावे. त्या स्थानी सी. टी. च्या मार्गदर्शनाने सुई नेऊन द्रव वा ऊती मिळवावी. आणि रक्ताबरोबर तिचेही संवर्धन करावे. रुग्णाची प्रकृती अत्यवस्थ नसेल, तर प्रतिजैविकापूर्वीच हे साधावे. क्षयाचा संशय असल्यास त्याची विशेष चाचणी वेगळी मागवावी. प्रतिमा कोठे शोधावे हे सांगते. काय सापडले हे सांगण्याचा अधिकार मात्र प्रयोगशाळेचाच आहे. हा भेद पुसला गेला, तर यंत्राची सूक्ष्मता वाढूनही निदान स्थूलच राहील.