घरकुल झाल्यावरची कविता कुठं आहे?



आपल्या कवितेत घर येतं ते जळालेलं, गळकं, नाही तर दारातूनच हाकललेलं. हे खोटं कोण म्हणेल? खैरलांजी 2006 सालची आहे, काही शंभर वर्षं जुनी नाही. पण मुकुटबनच्या आमच्या वस्तीत कुडाच्या भिंती गेल्या, विटांच्या आल्या. कवेलू गेले, स्लॅब आला. त्या घरात माणसं सकाळी उठतात, चहा ठेवतात, भांडतात, हप्त्याचे पैसे मोजतात. यावरची एक कविता मला दाखवा. मी तरी वाचली नाही.

बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा घ्या. पुस्तक 1963 चं. रेल्वेत नोकरीला लागलेला पोरगा उधन्याला खोली शोधतो. आधी जात विचारतात, मग भाडं. खोली मिळते ती जात चोरून. शेवटी जात कळते, मार पडतो, काशिनाथ मधी पडून सोडवतो. आपण सगळे तो मार लक्षात ठेवतो आणि तसलाच मार आपल्या कवितेत आणतो. पण मला त्या कथेत मोठं वाटतं ते मधलं राहणं. ज्या घरात माणुसकीनं वागवतात, तिथंच जीभ सांभाळून राहावं लागतं. बागुल दाराच्या आत गेले. आपण बाहेर उभं राहून घोषणा देतो.

दया पवारांचं 'बलुतं' 1978 चं. कावाखाना असा उभा केलाय की नाकाला वास येतो. पण दगडूची गोष्ट ऐकणारा तो शिकलेला, नोकरीतला दया पवार कुठल्या घरात बसून ऐकतो? त्या घरात जेवणाआधी काय बोलणं होतं? ते घर धूसरच राहतं. पुस्तक लहान होत नाही त्यानं. पण पुढच्यांनी धूसर ठेवायचीच प्रथा पाडली.

ही प्रथा मोडली बायांनी. उर्मिला पवारांचं 'आयदान' (2003) वाचा. कोकणातून मुंबईला आल्यावर पुस्तक संपत नाही, तिथून नव्यानं चालू होतं. नोकरी, पोरं, स्वयंपाक, त्यात एम.ए.चा अभ्यास, आणि बायकोचं शिकणं-लिहिणं नवऱ्याला खुपणं. नवरा चळवळीचा शत्रू नाही, आपल्यातलाच. म्हणूनच ते वाचताना आपल्यातले काहीजण पानं भराभर उलटतात. मी उलटताना पाहिलेत.

रमाईचंच बघा ना. आपली गाणी रमाईला शेणाच्या गोवऱ्या थापायला लावतात, परळच्या चाळीत उपाशी ठेवतात आणि रडतात. मग दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह झालं. बाबासाहेबांनी ते पुस्तकांसाठी म्हणून बांधलं. रमाई त्या घरात आली आणि 27 मे 1935 ला तिथंच गेली. म्हणजे नवं घर तिच्या वाट्याला थोडंच आलं. त्या घरात तिचा दिवस कसा जायचा? पुस्तकांनी भरलेल्या घरात तिची स्वतःची जागा कुठली? मी ऐकलेल्या गाण्यांत हे नाही. जुलै 2020 मध्ये राजगृहाच्या कुंड्या फुटल्या, तेव्हा मात्र रातोरात कवितांचा ढीग लागला. त्यात माझीही होती. घर फुटलं की आपल्याला शब्द सुचतात.

आता आमचं घर. रमाई आवास योजनेतलं, 269 चौरस फूट. आमच्या वेळी अनुदान 1 लाख 20 हजार, संडासाचे 12 हजार वेगळे. प्रत्येक हप्त्याला घरासमोर उभं राहून फोटो. तेवढ्यात स्लॅब पडत नाही हे गावात शेंबडं पोरगंही सांगेल. मग मायनं गटाचं कर्ज काढलं. नमुना आठवर नाव मायचं, कर्जावर नावही मायचं. समोरच्या खोलीत बुद्ध-बाबासाहेबांचे फोटो, पंखा, बाबा, आणि जिनिंगची पाळी करून कानात सरकी-रुईचा भुगा घेऊन आलेला मी. माय मागच्या सांदवाडीत पऱ्हाट्या जाळून भाकरी टाकते. सिलिंडर आहे. पण भरून आणायला पैसे लागतात, आणि चूल आत मांडली तर स्लॅब काळा होईन म्हणते. वैशाखात तो स्लॅब अर्ध्या रात्रीपर्यंत तव्यासारखा. जुनं कुडाचं घर थंड होतं, हे बोलायची आमच्याकडे चोरी, कारण बोललं की लोक म्हणतात, यायले पक्कं घर पचत नाही. मायला विचारलं तर म्हणते, "घर माह्या नावावर हाये रे, पन झोप मले भाईरच लागते."

हप्त्याच्या दिवशी गटाच्या बाया आमच्या ओट्यावर जमतात. काहीजणी पाणी मागून पितात. काहीजणींना नेमकं तेव्हाच आठवतं की त्या घरून पिऊन आल्यात. टाइल्स सगळ्यांना आवडतात. कुठं पाव घेतला, विचारतात. मी म्हणतो, जात विटांच्या घरात कशी वागते, ते या ओट्यावर बसून लिहा की. यात वेदना कमी आहे काय? विद्रोह लागत नाही काय?

शहरातल्या समीक्षकाला आपलं गळकं छप्पर आवडतं. 'दाहक अनुभव' लिहून तो मोकळा होतो. लाइट बिलाची कविता दिली तर म्हणेल, धार गेली. त्याचं सोडा. आपलेही कार्यकर्ते म्हणतात, घरकुल मिळालं, पोरगं पांढरपेशं झालं. पांढरपेशं! बारा तास रेच्यापुढं उभं राहून पांढरं होतं ते अंग, रुईनं. उगाच एकमेकाला शिव्या देण्यापेक्षा आपल्या घरात कोण कुठं झोपतं, कोण शेवटी जेवतं, पोरीला अभ्यासाला दिवा कोणता, हे आधी बघा. आणि जे दिसेल ते सुंदर करायला जाऊ नका. मला अलीकडं आलेल्या दोन-तीन गृहप्रवेशाच्या कवितांत नुसते निळे झेंडे नि पहाट आहे, माणूस एकही नाही. त्या मी बाजूला ठेवल्या.

माझ्या बहिणीनं जुन्या लाइट बिलाच्या पाठीवर काहीतरी लिहिलंय. चुलीवर आहे, मायवर आहे, बाबांच्या पंख्यावरही आहे. अंकासाठी मागितलं तर म्हणे, "पहिले मायले वाचून दाखवतो, मंग पाहू."