नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

बारसे म्हणजे समाजाच्या घरात मुलाचे पहिले पाऊल. पण कोणी कोणत्या दाराने यायचे, हे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायाने सांगून ठेवले आहे: ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदाव्यंजक. अतिशूद्राला तर त्या यादीत जागाच नाही.

दया पवारांच्या 'बलुतं'कडे (१९७८) मी या दृष्टीने पाहतो. तेथे आरंभीच दगडू मारुती पवार आणि दया पवार समोरासमोर येतात. या रचनेला दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाचे निवेदनतंत्र म्हणून मोकळे होणे मला पुरेसे वाटत नाही. दगडू हे बारशाचे नाव. दया हे लेखणीने मिळविलेले. म्हणजे हा एका माणसाच्या दोन बारशांमधला झगडा आहे.

यावर कोणी म्हणेल की, मुले जगत नसत म्हणून दृष्ट लागू नये यासाठी सवर्णांच्या घरीही दगडू, धोंडू अशी नावे ठेवीत. खरे आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या नावातही धोंडाच होता. पण तिकडे धोंडोचा धोंडोपंत होतो, आमच्याकडे धोंडूचा धोंड्या होतो. धोंडा तोच, हाक मारणारे तोंड मात्र जात पाहून बोलते. बारसे पाळण्यापाशी संपत नाही. त्याचा उत्तरार्ध गाव रोज चारचौघांत पार पाडते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञांत ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म न करण्याची प्रतिज्ञा आहे. त्यानंतर वस्त्यांतून सिद्धार्थ, राहुल, यशोधरा ही नावे आली. संस्काराचा पूर्वार्ध आम्ही हाती घेतला. उत्तरार्धाचे काय? 'बलुतं' आले त्याच १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात दलितांची घरे जळाली, माणसे मारली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. आमच्या माणसाचे नाव आदराने उच्चारणे या समाजाला किती जड जाते, याचा हा हिशेब आहे.

म्हणून दलित आत्मकथनांची समीक्षा केवळ भुकेची आणि दुःखाची मोजदाद करून थांबता कामा नये. त्यांतील माणसाला कोण, कोठे, कोणत्या नावाने हाक मारतो, हेही तिने तपासले पाहिजे. सिद्धार्थचा 'सिद्ध्या' करणारे तोंड अजून गप्प झालेले नाही.