अग्निशमनातील बिनतारी संवाद : नौपाड्याच्या संदर्भात एक भाषिक समीक्षा

प्रस्तावना

अग्निशामक जवानाच्या साधनांची चर्चा होते तेव्हा बंब, शिडी, श्वसनयंत्र यांचा विचार प्रथम होतो. वॉकी-टॉकीचा विचार झालाच तर तो यंत्र म्हणून होतो. तीतून उच्चारल्या जाणाऱ्या वाक्याचा होत नाही. वस्तुतः धुराने भरलेल्या इमारतीत शिरलेल्या जवानाचा बाहेरच्या जगाशी असलेला मुख्य दुवा म्हणजे ते वाक्यच होय. बिनतारी संवादाचे संकेत हा तांत्रिक विषय असला तरी तितकाच तो भाषाव्यवहाराचा विषय आहे, या भूमिकेतून प्रस्तुत निबंधात त्याची समीक्षा केली आहे.

नौपाड्याची पार्श्वभूमी

ठाणे शहरातील नौपाडा ही जुनी, दाट वस्ती. गोखले मार्ग, राम मारुती मार्ग आणि त्यांना जोडणाऱ्या गल्ल्यांतून जुन्या दोन-तीन मजली इमारती आणि पुनर्विकासातून उभे राहिलेले उंच टॉवर शेजारी शेजारी दिसतात. या दोन्ही प्रकारच्या इमारती संदेशवहनापुढे वेगवेगळे प्रश्न उभे करतात. जुनी इमारत अचानक कोसळू शकते. त्यामुळे बाहेर पडण्याचा आदेश काही क्षणांत पोहोचावा लागतो. नव्या टॉवरचे लोखंडी सळ्यांनी भरलेले काँक्रीट, उद्वाहनाचे कूप आणि तळघरातील वाहनतळ यांमुळे लहरी क्षीण होतात आणि वाक्य अर्धवट पोहोचते.

४ ऑगस्ट २०१५ रोजी मध्यरात्रीनंतर नौपाड्यातील बी-केबिन भागातील कृष्णा निवास ही तीन मजली इमारत कोसळून बारा जणांचा मृत्यू झाला. अशा ठिकाणी स्थानिक अग्निशमन दल, पोलीस आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल एकाच ढिगाऱ्यावर काम करतात. त्यांची शिस्त वेगळी असते आणि अनेकदा बोलण्याची भाषाही. त्याच वर्षी ९ मे रोजी मुंबईत काळबादेवी येथील गोकुळ निवासाच्या आगीत इमारतीचा भाग कोसळून अग्निशमन दलाच्या चार अधिकाऱ्यांना प्राण गमवावे लागले. त्यांत दलाचे प्रमुखही होते. इशारा आणि कोसळणे यांतील अंतर किती अल्प असू शकते, हे या घटनेवरून ध्यानी येते.

वाक्यरचनेचा प्रश्न

वॉकी-टॉकीवर एका वेळी एकच व्यक्ती बोलू शकते. कळ दाबताच बोलणे सुरू केले तर पहिले अक्षर गळते आणि कळ लवकर सोडली तर शेवटचे. म्हणूनच कळ दाबून क्षणभर थांबावे, मग बोलावे, असे प्रशिक्षणात शिकवले जाते. परंतु या नियमाचा मराठीशी असलेला संबंध क्वचितच लक्षात घेतला जातो. इंग्रजी आज्ञेत नकार आरंभी येतो, मराठीत तो अंती येतो. ‘आत जाऊ नका’ या आदेशातील ‘नका’ गळाले तर उरते ते ‘आत जाऊ’. ऐकणाऱ्याला ही परवानगीची विचारणा वाटेल किंवा सहकाऱ्याचा निर्णय. इंग्रजी नियमावलीचे केवळ भाषांतर केल्याने हा धोका टळत नाही. नकारार्थी आज्ञा मुळातच टाळून ‘थांबा’, ‘बाहेर या’ अशा स्वयंपूर्ण होकारार्थी क्रियापदांचा वापर करणे हाच मराठीला मानवणारा उपाय ठरतो.

संख्यावाचनाचा प्रश्नही असाच आहे. ध्वनिवाहिनीतून साधारणपणे ३०० ते ३,४०० हर्ट्झ या मर्यादेतील आवाजच पुढे जातो. त्यातच श्वसनयंत्राचा मुखवटा उच्चार बोथट करतो. अशा स्थितीत ‘सात’ आणि ‘साठ’, ‘सातवा’ आणि ‘आठवा’, ‘एकोणीस’ आणि ‘एकोणतीस’ यांतील भेद टिकणे कठीण होते. २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातील ‘वीस सात’ अशा संख्यावाचनावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. तेथे प्रश्न मुलांच्या सोयीचा आणि भाषेच्या परंपरेचा होता. येथे तो जवान कोणत्या मजल्यावर अडकला आहे हे कळण्याचा आहे. घरात आणि बाजारात ‘सत्तावीस’ खुशाल नांदावे. बिनतारी यंत्रावर मात्र ‘दोन सात’ असे अंकवार वाचनच इष्ट.

शब्दनिवडीचा प्रश्न

मराठी अग्निशमन व्यवहाराने काही शब्द समर्थपणे घडवले आहेत. ‘वर्दी’ हा त्यांपैकी एक. आगीची वर्दी मिळणे, क्रमांक दोनची वर्दी देणे हे प्रयोग वृत्तपत्रांतूनही रूढ झाले आहेत. पण हिंदीत याच शब्दाचा अर्थ गणवेश असा आहे. बहुभाषिक पथके एकत्र येतात तेव्हा आपला सर्वांत परिचित शब्दही गैरसमजाचे कारण होऊ शकतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

याउलट राजभाषेच्या घडणीतून आलेले शब्द. इमारत रिकामी करण्याच्या क्रियेला ‘निष्कासन’ म्हणावे, तर महापालिकांच्या व्यवहारात हाच शब्द अनधिकृत बांधकामे पाडण्यासाठी वापरला जातो. शिवाय त्यातील जोडाक्षर मुखवट्याआडून स्पष्ट उमटत नाही. इंग्रजी शब्द जसाच्या तसा ठेवावा, असा एक पक्ष आहे. त्यात तथ्य आहे, कारण ‘मेडे’सारखा तीनदा उच्चारायचा आंतरराष्ट्रीय संकेत बदलणे अविचाराचे ठरेल. मात्र लांब इंग्रजी आज्ञा जवान भीतीच्या क्षणी कितपत ग्रहण करील, हा प्रश्न उरतोच. शुद्धतेचा आग्रह आणि उसनवारीचा आग्रह हे दोन्ही येथे सारखेच अपुरे आहेत. शब्दाची परीक्षा कोशात नव्हे, तर धुरात व्हावयास हवी.

पोच आणि अधिकारश्रेणी

‘ठीक आहे’, ‘ओके साहेब’ या उत्तरांतून ऐकले, समजले की पाळतो आहे, यांपैकी काहीच निश्चित होत नाही. म्हणून मिळालेला आदेश शब्दशः परत उच्चारणे हीच खरी पोच. तसेच कनिष्ठ जवानाने वरिष्ठाच्या बोलण्यात खंड पाडू नये हा आपल्याकडील शिष्टाचार संकटाच्या वेळी घातक ठरतो. ‘मेडे’ ऐकताच इतर सर्वांनी गप्प बसावे, मग बोलणारा कोणत्याही हुद्द्याचा असो, हा नियम तांत्रिक असण्यापेक्षा सामाजिक अधिक आहे.

न्यूयॉर्कचा धडा

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमधील जागतिक व्यापार केंद्रात ३४३ अग्निशामक मृत्युमुखी पडले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी आयोगाच्या अहवालात संदेशवहनाची सविस्तर चिकित्सा आहे. इमारतीतील संदेश पुनर्प्रक्षेपित करणारी यंत्रणा अंशतःच सुरू केली गेली होती. ती बिघडली आहे असे समजून उत्तर मनोऱ्यातील अधिकाऱ्यांनी तिचा वापर सोडला. हा यंत्राचा भाग झाला. परंतु भाषेचा भाग अधिक विचार करावयास लावणारा आहे. दक्षिण मनोरा कोसळल्यानंतर उत्तर मनोरा २९ मिनिटे उभा होता. या अवधीत बाहेर पडण्याचे आदेश दिले गेले, पण दुसरा मनोरा कोसळला आहे ही गोष्ट बहुतेक आदेशांत सांगितली गेली नाही. ज्यांनी आदेश ऐकला त्यांपैकीही अनेकांना त्यातील निकड उमगली नाही. आदेशासोबत कारणाचे दोन शब्द असावेत, हा त्यातून निघणारा नियम.

समारोप

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ चा भर इमारतीचे मालक व भोगवटादार यांच्या जबाबदारीवर, यंत्रणेच्या देखभालीवर आणि प्रमाणपत्रांवर आहे. तो भर योग्यच आहे. परंतु आत शिरलेल्या जवानाचे संरक्षण प्रमाणपत्राने होत नाही. त्यासाठी दहा-बारा ठरीव मराठी वाक्ये, मुखवटा लावून आणि काँक्रीटच्या भिंतीआडून पारखलेली, हिंदी भाषक पथकांनाही कळणारी, पुरेशी आहेत. ‘सर्व बाहेर, इमारत कोसळते आहे’ हे त्यांतील पहिले असावे. यंत्र निकामी झाल्यास भोंग्याचे संकेतही ठरलेले हवेत. आंतरराष्ट्रीय शोध व बचाव पद्धतीत तीन ऱ्हस्व आवाज म्हणजे बाहेर पडा आणि एक दीर्घ आवाज म्हणजे काम थांबवून शांतता राखा, असा अर्थ आहे.

हे काम अग्निशमन दलाने एकट्याने करावयाचे नाही. ध्वनिविज्ञान, भाषाशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांचे अध्यापन करणारी महाविद्यालये ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरात आहेत. आंतरविद्याशाखीय संशोधनाला याहून निकडीचा विषय क्वचितच सापडेल. येथे संशोधनाचा निष्कर्ष चुकला तर त्याची किंमत आत गेलेला जवान मोजतो.