शब्द टिपले, हात राहून गेला

महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत ‘भराडी’ या नोंदीखाली पाच पोटनावे आहेत: बाळसंतोषी, किंगरीवाले, नाथबाबा, नाथजोगी आणि नाथपंथी डवरी गोसावी. यातले दुसरे नाव वाद्यावरून पडले आहे. एखाद्या समूहाची ओळखच वाद्याने व्हावी, इतके ते वाद्य कधीकाळी त्याच्या अंगाला चिकटलेले होते. आज जातीचा दाखला काढताना हे नाव कागदावर चढते, पण दाखला घेणाऱ्या तरुणाच्या हातात किंगरी असण्याची शक्यता फार थोडी. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याच्या किंवा नर्सीच्या यात्रेत टाळ-मृदंग भरपूर ऐकू येतात, संबळ ऐकू येतो, ध्वनिक्षेपकावरची भक्तिगीते तर टाळता येत नाहीत. गजाने वाजणारी किंगरी मात्र क्वचितच कानावर पडते. असे का झाले, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की आपण किंगरीच्या गाण्यातले शब्द जपले आणि ती वाजवणारा हात घडतो कसा याकडे पाहिलेच नाही. हात घडवणारी व्यवस्था मोडत गेली तेव्हा तिची नोंद घ्यावी असेही कुणाला वाटले नाही.

वाद्य दिसायला साधे. नारळाची करवंटी, तिच्यावर ताणून बसवलेले कातडे, त्यात खोवलेला वेळूचा दांडा, वर खुंट्या, कातड्यावर लहानशी घोडी आणि तिच्यावरून जाणाऱ्या दोन-तीन तारा. कुठे त्यांतली एक तार घोड्याच्या शेपटीच्या केसांची असते. गजही त्याच केसांचा, राळ लावलेला. काही ठिकाणी गजाला घुंगरू बांधतात, म्हणजे गज ओढताना स्वर येतो आणि झटक्याने फिरवताना ताल पडतो. अवघडपणा लपला आहे तो इथेच. दांड्यावर पडदे नाहीत. बोट कुठे ठेवायचे हे डोळ्यांना सांगता येत नाही, कानालाच कळावे लागते. त्यात गाणारा आणि वाजवणारा बहुधा एकच. गोपीचंदाची किंवा भर्तरीची कथा म्हणताना गळा एक ओळ पुढे नेतो, किंगरी ती किंचित मागून उचलते, ओळ संपली की शेपूट धरून फिरवते आणि गाणाऱ्याला दम घ्यायला जागा करून देते. गोंधळात किंवा पोवाड्यात झीलकरी जे काम करतो ते इथे गज करतो. साथीचे वाद्य म्हणून किंगरीची गणना केली की तिचे निम्मे काम नजरेआड होते. ती कथेतला दुसरा सांगणारा असते.

हे वाद्य आडवळणाचे, संगीताच्या मुख्य प्रवाहाबाहेरचे, असे समजण्याची चूक नेहमी होते. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारी हिशेबाचा कारभार पाहणाऱ्या शारंगदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात किन्नरी वीणेचे प्रकार आहेत आणि गजाने वाजणाऱ्या पिनाकी वीणेचे वर्णनही आहे. म्हणजे भारतीय संगीताचा हा आधारग्रंथ मराठवाड्यात लिहिला गेला तेव्हा गजाचे तंत्र इथल्या जाणत्यांना ठाऊक होते. किन्नरी हे पडद्यांचे, छेडून वाजवायचे वाद्य. किंगरी हे तिचेच घासून गुळगुळीत झालेले नाव. नाव राहिले आणि वाद्य पालटले, असे भाषेत पुष्कळदा घडते. त्याच शतकात हिंगोलीजवळच्या नर्सीचे नाव नामदेवांशी जोडले गेले. नामदेवांना विसोबा खेचरांनी औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात उपदेश केला असे परंपरा सांगते आणि विसोबांची गुरुपरंपरा नाथपंथाकडे जाते. नाथांच्या कथा गात दारोदार फिरणाऱ्या जोग्याला या भूमीत परका म्हणता येणार नाही. कयाधूच्या काठाला त्याची ओळख जुनी आहे.

मग ही ओळख अभ्यासकांनी नोंदवली नाही का? नोंदवली, आणि फार मोलाने नोंदवली. रा. चिं. ढेरे यांनी नाथसंप्रदायाचा इतिहास लिहिला. मराठवाड्याचेच प्रभाकर मांडे यांनी ‘गावगाड्याबाहेर’ राहणाऱ्यांचे जगणे आणि ‘मांग आणि त्यांचे मागते’ यांच्यातले नाते उलगडून दाखवले. मातंगांचे पुराण सांगणारे आणि किंगरी बाळगणारे डक्कलवार त्यातूनच शिकलेल्या मराठी वाचकापर्यंत पोहोचले. मांडे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती योग्यच होती. पण मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासाचा जन्म मराठी विभागांत झाला, संगीत विभागांत नव्हे, आणि त्याचा परिणाम खोल आहे. कथागीत टिपताना संहिता मिळाली, पाठभेद मिळाले, दैवतकथा मिळाली. सूर कोणता लावला होता, गज कुठे उलटला, ओळीच्या कोणत्या अक्षरावर बोट सरकले, हे पानावर उतरले नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, त्यांतल्या हजारोंचा आवाजही जपला गेला. एवढ्या चिकाटीचे काम गजाच्या वाद्यांच्या वाट्याला आले नाही. अशोक रानडे यांच्यासारखा लोकसंगीताकडे संगीत म्हणूनच पाहणारा अभ्यासक अपवाद ठरला. ध्वनिमुद्रण असते तर पुरले असते का, असा आक्षेप इथे येऊ शकतो. पुरले नसते. मुद्रणातून चाल कळते. बोट कातड्यापासून किती अंतरावर ठेवायचे, राळ किती लावायची, घुंगराचा झटका मनगटातून द्यायचा की कोपरातून, हे शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

हे शेजारी बसणे पूर्वी फेरीत होत असे. किंगरीवाल्याच्या मुलाला वेगळी तालीम नव्हती. बापाच्या मागून दारोदार जाताना एकच कथा सुगीच्या दिवसांत शेकडो वेळा कानावर पडे. आधी झोळी धरायची, मग ध्रुपद म्हणायचे, मग केव्हातरी गज हाती यायचा. एवढी आवृत्ती कोणत्याही संगीत विद्यालयाच्या आठवड्याच्या दोन तासांत बसणार नाही. ही फेरी धान्यावर चालत होती. दारात कथा झाली की सुपातली ज्वारी झोळीत पडे, आणि ती ज्वारी पालावर जाऊन भाकर होई. आता हिंगोली जिल्ह्याचे शिवार पाहा: सोयाबीन, हळद, कापूस. वसमत-हिंगोलीची हळद बाजारपेठ राज्यात नाव घेण्यासारखी झाली, शेतकऱ्याच्या हाती रोकड आली, हे चांगलेच झाले. पण सोयाबीन कुणी सुपाने वाढत नाही आणि हळदीची भाकर होत नाही. पीक बदलले तेव्हा दानाचे चलनही बदलले; पायलीची जागा नाण्याने घेतली, आणि नाणे टाकून दार लावायला कथा ऐकावी लागत नाही. दूरचित्रवाणीने लोककला मारली हे विधान मला अपुरे वाटते. करमणुकीची स्पर्धा होतीच; मात्र त्याआधी खळ्यावरचा व्यवहार संपला आणि त्या व्यवहाराबरोबर शिकण्याचा वर्गही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप संगीताचा नाही, माणुसकीचा आहे. ज्या फेरीची एवढी वाखाणणी चालली आहे ती भिक्षा होती. मुलाला शाळेऐवजी झोळी देणारी व्यवस्था होती. डक्कलवारांच्या बाबतीत तर ती आणखी कठोर, कारण जातीच्या उतरंडीत त्यांचे मागणे कुणाकडे हेही ठरलेले. ती मोडली याचे दुःख कशाला? हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. ती फेरी परत यावी असे म्हणणारा माणूस स्वतःच्या मुलाला तिच्यात पाठवणार नाही, आणि दुसऱ्याच्या मुलाला पाठवण्याचा हक्क त्याला नाही. पण या आक्षेपाने एक गोष्ट झाकली जाते. भिक्षा आणि कला यांची गाठ कलावंताने एकट्याने मारलेली नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाड्या’ने १९१५ मध्येच फिरस्त्यांना गावावरचा बोजा ठरवले होते. पुढे १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियमाने भिक्षेची व्याख्या करताना गाणे, नाचणे, भविष्य सांगणे आणि खेळ करणे ही मागण्याची निमित्तेच मानली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याच कायद्यातली, भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना, मुले पळवणारे समजून, जमावाने ठेचून मारले. अनोळखी जोगी दारात उभा राहणे ज्या समाजाला एकेकाळी शुभ वाटे, त्याच समाजात आता ते जिवावर बेतू शकते. अशा काळात बापाने मुलाच्या हाती किंगरी दिली नाही तर त्यात उदासीनता कसली? तो शहाणपणा आहे. म्हणून विचार करायचा तो हात आणि झोळी वेगळे कसे करायचे याचा.

ते वेगळे करता येतात याचा पुरावा शेजारीच आहे, आणि त्यात धोक्याची सूचनाही आहे. किनवट-माहूरपासून आदिलाबादपर्यंत आणि वर मध्य प्रदेशात गोंडांचे परधान हे त्यांचे कथेकरी. त्यांच्याही हाती गजाचे वाद्य: इकडे किंगरी वा कीकरी, तिकडे बाना. बान्यात बडादेव वसतो अशी त्यांची श्रद्धा. १९८२ मध्ये भोपाळला भारत भवन उभे राहिले, ज. स्वामिनाथन यांनी पाटनगढच्या जनगढसिंह श्याम या तरुण परधानाला तिथे आणले, आणि बघता बघता परधानांची चित्रकला जगभर गेली. वाद्यावर सांगितल्या जाणाऱ्या कथा कागदावर आणि कॅनव्हासवर उतरल्या. परधान मुलांना सन्मानाची, पैशाची कला मिळाली. त्याचा आनंदच आहे. पण बाना मागे पडला. गोष्टीला नवे घर मिळाले, गजाला मिळाले नाही. कारण नव्या व्यवस्थेने मोबदला ज्याचा दिला ते वाढले. पैसा चित्राला होता, वादनाला नव्हता.

दुसरा आक्षेप शास्त्रीय संगीताच्या बाजूने येतो: दोन-तीन तारांच्या, आठ-दहा स्वरांत फिरणाऱ्या वाद्यासाठी एवढा खटाटोप का, जेव्हा व्हायोलिन उपलब्ध आहे? व्हायोलिनवर मराठी वादकांनी केलेले काम पाहिले की हा आक्षेप उलट आपल्याच बाजूची साक्ष देतो. गजाननराव जोशी यांनी व्हायोलिन वाजवले ते मुरलेल्या गवयाच्या कानाने. द. के. दातार यांची बोटे गायकी अंगाने चालत. प्रभाकर जोग यांनी भावगीत शब्दांसकट ऐकू यावे असे वाजवले आणि ‘गाणारं व्हायोलिन’ ही त्यांची ओळख झाली. पाश्चात्त्य वाद्य मराठी झाले ते गळ्याच्या मागून चालायला शिकल्यामुळे. हीच विद्या किंगरीवाल्याकडे होती, निरक्षर परंपरेत होती एवढाच फरक. नाट्यसंगीतातही बालगंधर्वांच्या मागे कादरबक्षांची सारंगी होती. पुढे पेटी-ऑर्गनने जागा व्यापली, कारण पेटी सोपी, टिकाऊ आणि शिकवायला सोयीची. भजनी मंडळांत तर पेटीशिवाय पान हलत नाही. पेटीचा दोष काढण्याचे कारण नाही. पण तिचे स्वर ठरलेल्या जागी बसलेले असतात, आणि कथेच्या गाण्यातला गंधार बहुधा तिथे बसत नाही. ग्रामीण मराठी गळ्याची ती जागा पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध पडते. गजाची संगत सुटली की काही पिढ्यांत गळाही पट्टीवर येऊन बसतो. म्हणजे नुकसान वाद्यापुरते राहत नाही.

मग करायचे काय? आजवरचे उपाय पुरस्कार, मानधन आणि महोत्सव. तेलंगणातल्या दर्शनम् मोगिलय्या यांचे उदाहरण ताजे आहे. किन्नेरा हे आपल्या किंगरीचे छेडून वाजणारे भावंड. ते वाजवणाऱ्या मोगिलय्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, चित्रपटातून त्यांचा आवाज घराघरांत गेला, आणि २०२४ मध्ये ते बांधकामावर मजुरी करत असल्याची बातमी आली. सन्मान खरा होता, पण तो केलेल्या कामाचा होता. पुढच्या माणसाला शिकवण्याचे नियमित वेतन त्यात नव्हते. आपल्याकडेही ज्येष्ठ कलावंतांना मानधन मिळते. ते मिळाले पाहिजे, वाढलेही पाहिजे. पण ते वयाकडे आणि कागदपत्रांकडे पाहते. पालावर जन्म काढलेल्या माणसाकडे कार्यक्रमांची प्रमाणपत्रे कुठून असणार, आणि असली तरी मानधनाच्या बदल्यात त्याने कुणाला शिकवावे अशी अपेक्षाही त्यात नाही. राजस्थानात लंगांची सिंधी सारंगी आणि मांगणियारांचा कमायचा टिकला, कारण जन्म-लग्नाला बोलावणारे जजमान पुष्कळसे शाबूत राहिले आणि कोमल कोठारींच्या रूपायन संस्थानासारखी संस्था १९६० पासून त्या गावांच्या जवळ बसून काम करत राहिली. आपल्याकडचा जजमान खळ्याबरोबर गेला. त्याची जागा भरून काढायची तर ती शिकवण्याच्या वेतनानेच भरता येईल. नागपूरच्या दक्षिण-मध्य सांस्कृतिक केंद्रासारख्या संस्थांकडे गुरु-शिष्य परंपरेची योजना आहेच. तिच्यात किंगरी जाणणाऱ्याला गुरू म्हणून बसवावे, शिष्यांत त्याच्या घरची मुले असावीत आणि बाहेरचीही, मुलीही, कोणत्याही जातीच्या. कारण जातीचा शिक्का एकाच घरावर ठेवून झोळी सुटणार नाही. वर्ग गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, शाळा सुटल्यावर भरावा. एक अखंड कथा गजासह पाठ होईपर्यंत, दोन-तीन वर्षे, तो चालू द्यावा आणि दरम्यान महोत्सवाचे बोलावणे आले तरी घाई करू नये. करवंटीला कातडे कसे चढवायचे आणि गजाला केस कसे बांधायचे, इथून सुरुवात व्हावी.