आघाताची चाळणी

शाळेत डोळे तपासणारे पथक येते तेव्हा काय घडते हे आपल्या परिचयाचे आहे. मुलाला ठरावीक अंतरावर उभे करतात, एक डोळा झाकून तक्त्यावरची अक्षरे वाचायला सांगतात. ज्याला खालच्या ओळी वाचता येत नाहीत त्याची सविस्तर तपासणी होते आणि गरज असेल तर चष्मा मिळतो. अशा प्राथमिक तपासणीला आपण 'चाळणी' म्हणू. मुलाच्या मनावर झालेले आघातही अशाच चाळणीने शोधता येतील का?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने या प्रश्नाला 'हो' असे उत्तर दिले. तेथे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी मेडी-कॅल ही सरकारी आरोग्य योजना आहे. या योजनेतून मुलांची अशी चाळणी करणाऱ्या डॉक्टरांना जानेवारी २०२० पासून दर चाळणीमागे २९ डॉलर देण्यात येऊ लागले. प्रश्नावली साधी आहे. मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड, घरातील व्यसन, पालकांची ताटातूट, तुरुंगवास अशा १० प्रकारांपैकी किती मुलाच्या वाट्याला आले ते मोजायचे. ४ किंवा अधिक गुण म्हणजे धोका जास्त.

ही मोजपट्टी आली कोठून? १९९८ साली फेलिटी, आंदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन दिएगो येथील हजारो प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बालपणी ज्यांनी चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसले होते, त्यांच्यात दारूचे व्यसन, नैराश्य, आत्महत्येचे प्रयत्न यांचे प्रमाण असे आघात न सोसलेल्यांच्या कितीतरी पट आढळले. हृदयविकाराशीही संबंध दिसला. हा अभ्यास मोलाचा आहे. 'लहानपणीचे मूल विसरून जाते' या समजुतीला त्याने धक्का दिला, आणि डॉक्टरांना शरीरापलीकडे पाहायला लावले. याचे श्रेय कॅलिफोर्नियाच्या कार्यक्रमालाही दिले पाहिजे.

आमचा आक्षेप वेगळा आहे. समूहाविषयी खरे असलेले विधान त्यातील प्रत्येकाविषयी खरे असतेच असे नाही. वर्गाची सरासरी सांगितली म्हणून समोर बसलेल्या विद्यार्थ्याचे गुण कळत नाहीत. ब्रिटन व न्यूझीलंडमध्ये जन्मापासून वर्षानुवर्षे पाहणी केलेल्या मुलांची माहिती संशोधकांनी २०२१ मध्ये याच दृष्टीने तपासली. जास्त गुण असलेल्या गटाचे आरोग्य सरासरीने खालावलेले होते. पण अमुक एक मूल पुढे आजारी पडेल की नाही हे गुणांवरून ओळखणे नाणेफेकीपेक्षा थोडेसेच बरे ठरले.

एक गणित करून पाहू. समजा, १००० मुलांपैकी १०० मुलांना पुढे खरोखर त्रास होणार आहे. चाळणी त्यांतील ७० मुले पकडते. उरलेल्या ९०० पैकी शेकडा ३०, म्हणजे २७० मुलांवर ती चुकून बोट ठेवते. एकूण ३४० मुलांवर शिक्का बसला. त्यांतील २७० निष्कारण, म्हणजे पाचांतील जवळजवळ चार. शिवाय ३० गरजू मुले निसटली ती वेगळीच! हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण कच्ची चाळणी असेच वागते. ही आकडेमोड वर्गात जरूर करून घ्यावी.

दुसरी गोष्ट गुणांची. आई-वडील समजुतीने वेगळे झाले तरी एक गुण, आणि वर्षानुवर्षे अत्याचार झाला तरी एकच. आघात कोणत्या वयात झाला, किती काळ चालला, तेव्हा मायेचे कोणी जवळ होते का, याची नोंद नाही. मूळ अभ्यासातले रॉबर्ट आंदा यांनीच २०२० मध्ये इशारा दिला, की हे गुण व्यक्तीचे निदान करण्यासाठी नाहीत. गुणांबरोबर मुलाची लक्षणेही पाहावीत, असे कार्यक्रमाच्या सूचनाही सांगतात. परंतु खाजगीपणा जपण्यासाठी प्रश्नावलीचा एक नमुना असा आहे, की त्यात पालक फक्त बेरीज लिहितात. डॉक्टरांच्या हाती '४' येतात. कोणते चार, ते पालकांनी सांगितले तरच कळते.

विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ मध्ये चाळणीचे निकष मांडले. त्यांतला एक म्हणजे सापडलेल्या रुग्णासाठी मान्य उपचार हवा, आणि निदान व उपचारांची सोयही हवी. दृष्टिदोषाला चष्मा आहे. '४ गुणां'ना काय आहे? समुपदेशक नसेल, घर बदलणार नसेल, तर आपण जखम उघडून पाहिली आणि तशीच सोडून दिली, असे होते. त्यातच गरीब आईला धास्ती, की खरे सांगितले तर मूल काढून नेतील. अशी आई दवाखान्याची पायरीच चढेनाशी झाली तर नुकसान मुलाचेच.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब यांची चाळणी करतो. त्यात आघाताची प्रश्नावली घाला, असे उद्या कोणी सुचवले तर आश्चर्य वाटू नये. तेव्हा प्रथम विचारावे : उत्तर मिळाल्यावर आपण काय करणार?

तोपर्यंत शिक्षकांनी हात बांधून बसावे असे मुळीच नाही. बडबडी मुलगी आठवडाभर गप्प आहे, नियमित येणारा मुलगा गैरहजर राहू लागला आहे, हे पहिल्यांदा तुम्हांलाच दिसते. त्यासाठी गुण मोजावे लागत नाहीत. शांतपणे विचारावे, मूल बोलले तर मध्ये न तोडता ऐकावे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे; म्हणून 'कोणाला सांगणार नाही' असे वचन मुलाला देऊ नये. 'मी तुझ्याबरोबर आहे' एवढे मात्र देता येते, आणि ते पाळावे.